उतारासाठी कोअर लॉगिंग: ट्रेमध्ये आलेलं आणि न आलेलं

उघड्या खाणीची भिंत घसरते ती बहुतेक वेळा एखाद्या पातळ, मऊ पट्ट्यावरून. चिकणमाती भरलेला सांधा (खडकातली नैसर्गिक भेग) असेल, फॉल्टमधला चुरा असेल, नाहीतर पाणी पिऊन मऊ पडलेला शेलचा थर. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅनियन खाणीत १० एप्रिल २०१३ रोजी चौदा कोटी टनांच्या आसपास खडक खाली आला, तोही खाणीच्या दिशेने झुकलेल्या मॅनेफे नावाच्या कमकुवत थरावरून. हालचाल रडारवर आधीच दिसत असल्याने माणसं बाहेर काढलेली होती आणि कुणालाही इजा झाली नाही. ड्रिलिंग करताना नेमके असेच पट्टे पाण्याबरोबर वाहून जातात आणि ट्रेमध्ये उरतो तो टणक, देखणा खडक. भूतांत्रिक लॉगिंगचं, म्हणजे ड्रिलने काढलेला खडकाचा दंडगोल (कोअर) तपासून नोंदवण्याचं, अर्धं कौशल्य कोअर वाचण्यात आहे. उरलेलं अर्धं, कोअरमध्ये काय आलं नाही हे ओळखण्यात.

पुढची पद्धत उघड्या खाणीच्या उताराचा आराखडा डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे. भूमिगत कामातही लॉगिंग बरंचसं असंच होतं, फक्त पुढची वर्गीकरणं आणि गणितं बदलतात.

बोअरहोल कुठे आणि कोणत्या दिशेने

खनिजाचा शोध घेणारे बोअरहोल खनिजाकडे रोखलेले असतात. भूतांत्रिक माणसाला हवी असते अंतिम भिंत, म्हणजे खाण पूर्ण खोल गेल्यावर जिथे भिंत उभी राहणार आहे तिथला आणि तिच्या मागचा खडक. म्हणून शोधाच्या कोअरवर भागवू नका, भिंतीसाठी वेगळे बोअरहोल मागून घ्या. ते तिरपे, क्षितिजाशी ६० ते ७० अंशांत ठेवा आणि भिंतीच्या पायथ्याच्या पातळीखाली जाऊन संपवा.

सगळे बोअरहोल एकाच दिशेचे असले तर त्यांना समांतर असलेले सांधे जवळजवळ दिसतच नाहीत. उभ्या बोअरहोलला उभा सांधा क्वचितच भेटतो आणि मग लॉगमध्ये तो संचच (एकाच दिशेच्या सांध्यांचा गट) नाही असं वाटू लागतं. टर्झागी यांनी १९६५ मध्ये यावर दुरुस्ती सुचवली: सांध्याचं प्रतल आणि बोअरहोल यांच्यातला कोन α असेल, तर त्या नोंदीला १ ÷ साइन α एवढं वजन द्यायचं. ३० अंशांना हे वजन २ येतं, १० अंशांना ५.८ आणि ५ अंशांना ११.५. इतक्या लहान कोनात एकच नोंद साऱ्या चित्रावर स्वार होते, म्हणून १० ते १५ अंशांच्या खाली वजन वाढू न देण्याची पद्धत आहे. जे सांधे कापलेच गेले नाहीत ते मात्र कोणत्याही गणिताने परत येत नाहीत. त्यामुळे एका भिंतीसाठी निदान दोन-तीन वेगवेगळ्या दिशांचे बोअरहोल हवेतच.

कोअरचा आकार एचक्यू ठेवा. त्याचा व्यास ६३.५ मिमी असतो, एनक्यूचा ४७.६ आणि पीक्यूचा ८५. खडक भुसभुशीत किंवा चिकणमातीचा असेल तर ट्रिपल ट्यूब बॅरल वापरा. त्यातली आतली नळी उभी दुभंगते, त्यामुळे कोअर ठोकून काढावा लागत नाही. एचक्यू ट्रिपल ट्यूबमध्ये व्यास ६१.१ मिमीवर येतो, पण मऊ पट्टे जागेवर सापडतात. त्याच्या मोबदल्यात दोन मिमी गेले तर बिघडत नाही.

रिगवर उभं राहून

लॉगिंग शेडमध्ये नेऊन करण्यापेक्षा रिगवर, कोअर दुभंगत्या नळीत असतानाच करा. ट्रेमध्ये उचलून ठेवताना, गाडीत हादरताना आणि उन्हात वाळताना कोअर नवीन जागी तुटतो. मडस्टोन आणि शेल तर काही तासांत तडकू लागतात. दुसऱ्या दिवशी मोजलेला आरक्यूडी (कोअर किती धड आहे हे सांगणारी टक्केवारी, पुढे येते) त्या खडकाचा राहत नाही.

सोबत लागतं ते एवढंच: टेप, खिशातला चाकू, भूशास्त्रीय हातोडा, पाण्याची फवारणीची बाटली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, कोनमापक, ३६० अंशांच्या खुणा असलेली पारदर्शक बीटा पट्टी, दोन रंगांचे न पुसणारे मार्कर आणि कॅमेरा. कोअर धुताना फवारणीच वापरा. पाइपची धार मारली की सांध्यातली चिकणमाती निघून जाते आणि लॉगमध्ये 'स्वच्छ सांधा' अशी खोटी नोंद पडते.

रन (ड्रिलिंगची एक खेप) वर आला की आधी खोलीचा हिशेब. ड्रिलरने सांगितलेली खोली रॉडच्या संख्येशी ताडून पाहा. मग आलेल्या कोअरची लांबी मोजा. रन ३.०० मीटरचा आणि कोअर २.८२ मीटर आला तर एकूण प्राप्ती ९४ टक्के. प्राप्ती शंभराच्या वर गेली तर आधीच्या रनचा खालचा तुकडा भोकात राहून आता वर आलेला असतो. तो मागच्या रनला जोडा आणि मागची नोंद सुधारा.

राहिले हरवलेले १८ सेंमी. ते नेमके कुठून गेले? याचं उत्तर ड्रिलरकडे असतं आणि ते त्याच वेळी विचारावं लागतं. बिट अचानक खाली बसला का, कुठल्या खोलीवर वेग वाढला, परतीच्या पाण्याचा रंग बदलला का, की पाणी परत येणंच थांबलं? शिवाय तुटलेली टोकं एकमेकांना लावून पाहा. जिथे ती जुळत नाहीत किंवा घासून गोल झालेली आहेत, तिथे कोअर गेला असण्याची शक्यता जास्त. जागा सापडली की ट्रेमध्ये तिथेच तेवढ्या लांबीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि त्यावर 'कोअर गेला' असं लिहून वरची-खालची खोली टाका. जागा ठरत नसेल तर ठोकळा रनच्या शेवटी ठेवा आणि 'जागा अनिश्चित' असं नोंदवा. लॉगमध्ये हा पट्टा स्वतंत्र ओळीत यायला हवा. दोन्ही बाजूंचा खडक टणक आणि मधले १८ सेंमी गायब असतील, तर तिथे मऊ भरण होतं असं धरूनच पुढे जा, दुसरा पुरावा मिळेपर्यंत.

खरे सांधे आणि ड्रिलिंगने पडलेले तुकडे

यावर पुढचे सगळे आकडे उभे असतात. ड्रिलिंगने तुटलेल्या पृष्ठभागाचा रंग ताजा असतो, कडा धारदार असतात, त्यावर कसलाही लेप नसतो, आणि दोन्ही बाजू एकमेकींत घट्ट बसतात. तो बहुधा कोअरच्या अक्षाला काटकोनात किंवा वेडावाकडा जातो. नैसर्गिक सांध्यावर गंजाचा डाग, कॅल्साइट, क्लोराइट, चिकणमाती किंवा सरकल्याचे चकचकीत ओरखडे असतात, आणि त्याच कोनाचे आणखी सांधे आजूबाजूला सापडतात. ड्रिलिंगच्या तुटीवर लगेच 'एक्स' काढा. ट्रेच्या लांबीत बसवायला मुद्दाम तोडलेल्या टोकांवरही काढा.

गोंधळ होतो तो शिस्ट, फायलाइट यांसारख्या पापुद्र्याच्या खडकात. तिथे फोलिएशनवरची (पापुद्र्यांच्या प्रतलावरची) तूट ड्रिलिंगने उघडली की आधीच उघडी होती हे पाहून कळत नाही. शंका असली तर तूट नैसर्गिक धरायची, ही जुनी आणि सुरक्षित रीत आहे. पण ती बेछूट वापरली तर सगळा खडकच वाईट ठरतो आणि भिंत विनाकारण आडवी करावी लागते. ३०० मीटर उंचीच्या भिंतीचा एकूण कोन ४५ वरून ४२ अंशांवर आणला, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीमागे सुमारे ५,००० घनमीटर खडक जादा काढावा लागतो. घनता २.७ धरली तर तो तेरा हजार टनांहून अधिक भरतो. म्हणून शंकास्पद तुटींना वेगळी खूण करा आणि त्या धरून व सोडून असे दोन्ही आकडे द्या. निर्णय आराखडा करणाऱ्याला घेऊ द्या.

बशीसारख्या वाकलेल्या पातळ चकत्यांची रांग आली तर ते सांधे नाहीत. जमिनीतला ताण जास्त असला की कोअर असा चकत्यांनी तुटतो. आरक्यूडीत त्या धरू नका, पण ठळकपणे नोंदवा.

फोटो आता, नंतर नाही

तुटींवर खुणा झाल्या की, हातोडा लावण्याआधी आणि नमुना उचलण्याआधी, प्रत्येक ट्रेचा कोरडा आणि ओला असे दोन फोटो. चौकटीत बोअरहोलचा क्रमांक, खोली, मोजपट्टी आणि रंगपट्टी असावी. कॅमेरा सरळ वरून धरा.

आरक्यूडी: सोपा आकडा, सोप्या चुका

डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही मोजणी आजही प्रत्येक लॉगमध्ये असते. १० सेंमी किंवा त्याहून लांब अशा धड तुकड्यांची बेरीज भागिले रनची लांबी, गुणिले १००. तुकड्याची लांबी मध्यरेषेवर मोजायची.

८४.०० ते ८७.०० मीटरचा रन घ्या. तुकडे ३१, २४, १८, ४२, १२, २७ आणि १५ सेंमीचे, शिवाय ८ आणि ९ सेंमीचे दोन लगतचे तुकडे, बाकी बारीक. मोठ्या सात तुकड्यांची बेरीज १६९ सेंमी, म्हणजे आरक्यूडी ५६ टक्के. पण ८ आणि ९ यांच्या मधली तूट ड्रिलिंगची आहे. ते एकच १७ सेंमीचा तुकडा धरले की बेरीज १८६ आणि आरक्यूडी ६२. हाच आकडा कुणी ३.०० ऐवजी २.८२ ने, म्हणजे आलेल्या कोअरच्या लांबीने भागला, तर ६६ येतो. ही चूक फार आढळते आणि ती नेहमी खडकाच्या बाजूने झुकते, कारण हरवलेला मऊ भाग हिशेबातूनच गळतो. तसंच लांब पण हाताने चुरडणारा, पूर्ण विदारण झालेला तुकडा बेरजेत धरायचा नाही.

आरक्यूडीच्या मर्यादाही माहीत असू द्या. सगळे तुकडे ११ सेंमीचे असले तर आरक्यूडी १०० आणि सगळे ९ सेंमीचे असले तर शून्य, जरी खडक जवळजवळ सारखाच असला तरी. म्हणून दर मीटरमागे सांध्यांची संख्याही मोजा.

आणखी एक गोष्ट. लॉगचे टप्पे रनप्रमाणे पाडू नका, खडकाच्या स्वभावाप्रमाणे पाडा. तीन मीटरच्या रनमध्ये ४० सेंमी चुरा असेल तर तो स्वतंत्र टप्पा. सरासरीत मिसळला तर रन 'मध्यम' दिसतो आणि ज्या पट्ट्यावरून भिंत सरकणार आहे तो कागदावरून नाहीसा होतो.

ताकद: चाकू, हातोडा आणि पॉइंट लोड

आंतरराष्ट्रीय खडकयांत्रिकी संस्थेची आर० ते आर६ ही श्रेणी हाताने ठरवता येते. नखाने खूण उठली तर आर०, दाबशक्ती १ मेगापास्कलच्या खाली. चाकूने सोलला जातो आणि हातोड्याच्या टोकाच्या घावाने भुगा होतो तो आर१, ५ पर्यंत. चाकूने कष्टाने सोलला जातो तो आर२, २५ पर्यंत. चाकूने खरवडत नाही पण एका जोरदार घावात तुटतो तो आर३, ५० पर्यंत. एकापेक्षा जास्त घाव लागले तर आर४, १०० पर्यंत. खूप घाव लागले तर आर५, २५० पर्यंत. नुसत्या कपच्या उडाल्या तर आर६. हातोडा मारताना तुकडा कडक जमिनीवर ठेवायचा. हातात किंवा ट्रेच्या काठावर धरून मारला तर खडक खोटाच कमजोर भासतो.

पॉइंट लोड चाचणी त्यावरची पुढची पायरी. कोअर आडवा धरून, त्याच्या व्यासातून भार द्या. दाबबिंदूपासून जवळच्या टोकापर्यंतचं अंतर निदान अर्ध्या व्यासाएवढं हवं आणि तुकडा १० ते ६० सेकंदांत फुटावा. एचक्यू कोअर १२ किलोन्यूटनला फुटला असं धरू. १२,००० ÷ ६३.५² = २.९८ मेगापास्कल. ५० मिमी व्यासावर आणण्यासाठी (६३.५ ÷ ५०) चा ०.४५ घात, म्हणजे १.११ ने गुणा: ३.३. दाबशक्तीसाठी २० ते २५ ने गुणण्याची पद्धत आहे. २२ घेतले तर ७३ मेगापास्कल. पण हा गुणक खडकागणिक बराच बदलतो, म्हणून प्रत्येक खडकप्रकारासाठी प्रयोगशाळेतल्या चाचण्यांशी जुळवून तो स्वतःचा ठरवा. भेग दोन्ही दाबबिंदूंतून गेली नसेल तर निकाल टाकून द्या. आधीच्या सांध्यावरून फुटलेला तुकडाही खडकाची ताकद सांगत नाही. २५ मेगापास्कलच्या खालच्या खडकात या यंत्रावर भिस्त ठेवू नका, टोकंच आत घुसतात.

सांध्यांची दिशा

कोअर काढताना बॅरलमधलं दिशायंत्र बोअरहोलच्या तळाची बाजू दाखवतं. त्या खुणेवरून कोअरवर लांब रेघ ओढायची. हे यंत्र गुरुत्वाकर्षणावर चालतं, त्यामुळे उभ्या बोअरहोलमध्ये त्याचा उपयोग नाही. तिथे बोअरहोलच्या भिंतीची प्रतिमा घेणारा टेलिव्ह्यूअर सोडावा लागतो. ध्वनीवर चालणाऱ्याला भोकात द्रव लागतो, प्रकाशावर चालणाऱ्याला स्वच्छ पाणी किंवा हवा.

रेघ ओढण्याआधी लोखंडी कोनपट्टीत तीन-चार रन सलग जुळवून ठेवा आणि प्रत्येक रनची खूण एकमेकींशी ताडून पाहा. फरक १० अंशांच्या आत असेल तर अखंड रेघ. दोनच खुणा जुळत असतील तर तुटक रेघ. जुळतच नसतील तर रेघ नाही आणि दिशाही नाही. कोअर बॅरलमध्ये गरगर फिरला असेल तर टोकांवर गोल ओरखडे दिसतात. तिथे जोडणी तुटली असं धरा.

मग दोन कोन. अल्फा म्हणजे सांध्याचं प्रतल आणि कोअरचा अक्ष यांमधला कोन, ० ते ९०. बीटा म्हणजे बोअरहोलच्या दिशेने खाली पाहत, रेघेपासून घड्याळाच्या दिशेने, सांध्याच्या लंबवर्तुळाच्या तळाकडच्या टोकापर्यंतचा कोन, ० ते ३६०. काही ठिकाणी वरचं टोक मोजतात, म्हणून कोणती पद्धत वापरली हे लॉगच्या डोक्यावर लिहा. इथे १८० अंशांची गल्लत झाली की खाणीकडे झुकलेला सांधा भिंतीत झुकलेला दिसतो, आणि स्थिरतेचं गणित उलटंच होतं. अल्फा ८० च्या वर गेला की लंबवर्तुळ जवळजवळ वर्तुळ होतं आणि बीटा नीट वाचता येत नाही. तशी नोंद करा, अंदाजाने आकडा भरू नका.

सांध्यांमधलं अंतर कोअरवर मोजून तसंच लिहू नका. एका संचातले सांधे अक्षावर ४० सेंमी अंतराने आणि अल्फा ३० असेल, तर खरं अंतर ४० × साइन ३०, म्हणजे २० सेंमी.

सांध्याची अवस्था

उताराच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे आणि सर्वांत घाईने भरले जाणारे रकाने हेच. प्रत्येक सांध्यासाठी आकार (सपाट, लाटदार, पायऱ्यांचा), पृष्ठभाग (खडबडीत, गुळगुळीत, घासून चकाकलेला), भरण कशाचं, त्याची जाडी मिलिमीटरमध्ये आणि सांध्याच्या दोन्ही भिंतींचं विदारण लिहा. नुसतं 'चिकणमाती' लिहून भागत नाही. लेप आहे की भिंती एकमेकींना टेकणारच नाहीत एवढी जाड भर आहे, हे आलंच पाहिजे.

फरक किती पडतो हे बार्टन, लीन आणि लुंडे यांच्या १९७४ च्या क्यू या खडक-वर्गीकरणाच्या पद्धतीतून दिसतं. त्यातल्या सांध्याच्या खडबडीतपणाचा आकडा भागिले विदारणाचा आकडा, हे गुणोत्तर घर्षणकोनाच्या टॅनजवळ जातं. खडबडीत, सपाट, नुसता डाग पडलेला सांधा: १.५ ÷ १, सुमारे ५६ अंश. घासून चकाकलेला, मऊ चिकणमातीचा लेप असलेला: ०.५ ÷ ४, सुमारे ७ अंश. खडक तोच, फोटोतही जवळपास सारखाच. मात्र ६३ मिमीच्या कोअरवर दिसतो तो बारीक खडबडीतपणा. काही मीटर लांबीची लाट बेंचच्या (खाणीतल्या पायरीच्या) उघड्या भिंतीवरच मोजावी लागते.

गुणांकनाकडे

बिएनियाव्स्की यांच्या १९८९ च्या आरएमआरमध्ये (खडकाला गुण देण्याच्या पद्धतीत) वरच्या टप्प्याचे गुण असे पडतील: दाबशक्ती ७३ मेगापास्कल, ७ गुण. आरक्यूडी ६२, १३ गुण. खरं अंतर ६० ते २०० मिमीमध्ये, ८ गुण. किंचित खडबडीत, एक मिमीपेक्षा कमी उघडलेला, थोडं विदारण झालेला सांधा, २५ गुण. कोरडा, १५. बेरीज ६८, म्हणजे 'चांगला' वर्ग. आता सांधा चकाकलेला किंवा ५ मिमीपर्यंत भरण असलेला धरा: २५ च्या जागी १० गुण येतात आणि बेरीज ५३ वर, 'मध्यम' वर्गात येते. सगळा फरक एका रकान्याचा. लॉगमध्ये बेरीज नव्हे, मूळ मोजमापं जपा. बेरीज केव्हाही नव्याने करता येते. होएक-ब्राउन या खडकाच्या ताकदीच्या निकषासाठी जीएसआय हा खडकाच्या दर्जाचा निर्देशांक काढताना याच बेरजेतून ५ वजा करतात, पण पाण्याचे गुण कोरड्याचे धरून आणि दिशेची वजावट न करता. पाण्याचा दाब पुढच्या विश्लेषणात वेगळा येतोच. तो दोनदा मोजायचा नसतो.

आरएमआर खडकाच्या एकूण वस्तुमानाबद्दल बोलतो. एकाच सांध्यावरून होणारी घसरण त्यात दिसत नाही, ती दिशांच्या आलेखावर वेगळी तपासावी लागते.

नमुने आणि बोअरहोल

दाबशक्तीच्या चाचणीला व्यासाच्या अडीच ते तीन पट लांब नमुना लागतो. एचक्यूसाठी १६० ते १९० मिमी. टोकं कापून घासायला धरून २२० मिमीचा तुकडा उचला. फक्त देखणेच तुकडे उचलण्याचा मोह टाळा. सांध्यावरच्या कातर चाचणीसाठी दोन्ही बाजू जुळलेल्या स्थितीत टेपने बांधूनच काढा. मऊ खडक आणि चिकणमातीचे पट्टे मिळाल्याबरोबर आधी प्लास्टिकच्या फिल्ममध्ये, मग अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा, वरून मेण लावा आणि सावलीत ठेवा. वेष्टनावर क्रमांक, वरची-खालची खोली आणि वर कोणती बाजू याचा बाण. ट्रेमध्ये नमुन्याच्या जागी ठोकळा ठेवा, नाहीतर पुढे येणारा माणूस त्याला कोअर हरवला समजतो.

लॉगिंग संपलं म्हणून बोअरहोल सोडून देऊ नका. त्यात पॅकर (भोकाचा एक टप्पा बंद करणारा फुगा) लावून टप्प्याटप्प्याने पाणी मुरवून बघता येतं, आणि शेवटी ग्राउटमध्ये पाण्याचा दाब मोजणारा पायझोमीटर बसवता येतो. तो बसवायची खोली लॉग पाहूनच ठरवा: हरवलेल्या पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक. दोन्हींच्या दाबांत फरक आढळला, तर न मिळालेला तो १८ सेंमी पट्टा पाणी अडवणारा होता, असं मानायला आधार मिळतो.